नाकावर राग, तरी नम्र

मराठी माणसाने राग फार पूर्वीपासून नाकावर बसवून ठेवला आहे. अमक्याच्या नाकावरच राग असतो, एवढे म्हटले की त्या माणसाविषयी आणखी काही सांगावे लागत नाही. ऐकणारा शहाणा असेल तर उसने पैसे मागायला तो दुसरे दार पाहतो. पण हे निरीक्षण आपल्या एकट्यांचे नव्हे. हिब्रू भाषेत नाकाला आणि रागाला मिळून एकच शब्द आहे, ‘अफ’. माणूस संतापला असे सांगायचे झाले की ती भाषा त्याचे नाक पेटले असे म्हणते. आणि जो सोशिक, त्याला ती लांब नाकाचा म्हणते. अशा नाकात राग बुडख्यापासून शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागत असावा!

यंदा चकली-करंजीच्या ताटाशेजारी ज्या पुरुषाला मी आणून बसवणार आहे, त्याचे नाक वारंवार पेटत असे. त्याचे नाव मोशे. ज्यू लोक त्याला आपला गुरू म्हणतात, ख्रिस्ती लोक त्याला मोठा संदेष्टा मानतात आणि मुसलमान ‘मुसा’ म्हणून त्याचे नाव आदराने घेतात. मिसर देशाच्या गुलामगिरीतून इस्राएल लोकांना बाहेर काढणारा, सीनाय पर्वतावरून दहा आज्ञांच्या शिळा खाली आणणारा, चाळीस वर्षे त्या कुरकुऱ्या लोकांना रानातून फिरवणारा हा पुढारी. इतिहास म्हणून पाहिले तर एवढ्या मोठ्या समूहाने मिसर सोडल्याचा पुरावा उत्खननात सापडलेला नाही, आणि विद्वानांत त्यावर वाद आहेत. ते विद्वान आणि त्यांची कुदळ-फावडी यांना नमस्कार करून आपण बाजूला होऊ. आपला मतलब त्या कथेतल्या माणसाशी आहे.

या माणसाविषयी जुन्या करारातील ‘गणना’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एक विलक्षण वाक्य येते. पृथ्वीच्या पाठीवर जेवढी माणसे होती त्या सगळ्यांत मोशे अत्यंत नम्र होता, असा त्याचा आशय. जुना करार आपल्या थोर माणसांना प्रशस्तिपत्रे वाटत बसत नाही. अब्राहाम भित्रेपणाने बायकोला बहीण म्हणतो, याकोब आंधळ्या बापाला फसवतो, दावीद दुसऱ्याची बायको पळवतो; सगळे उघड लिहून ठेवलेले. अशा काटकसरी लेखणीने एका माणसाला सर्वांत नम्र म्हणावे, आणि नेमके त्याला म्हणावे, ज्याने तारुण्यात रागाच्या भरात एक मिसरी मारून वाळूत पुरला होता, ज्याने देवाने दिलेल्या शिळा डोंगराच्या पायथ्याशी आपटून फोडल्या होत्या आणि जो फारोच्या दरबारातून संतापाने लाल होऊन बाहेर पडला होता! वर्गात ‘विनय’ आणि ‘लीनता’ यांतला भेद सांगताना मी एकदा हे उदाहरण दिले, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, मग आमच्या बाबांनाही नम्र म्हणायला हरकत नाही.” वर्ग हसला. मीही हसलो, पण तिचा शेरा हसून सोडून देण्यासारखा नव्हता, हे पुढे दिसेल.

आपली अडचण अशी की आपण हे दोन गुण वेगवेगळ्या फडताळांत ठेवलेले आहेत. नम्रता म्हटली की पैठणचे नाथ. गोदावरीत स्नान करून येताना कुणी अंगावर थुंकला, नाथ पुन्हा स्नानाला गेले. असे म्हणे एकशे आठ वेळा झाले, तरी कपाळावर आठी नाही. राग म्हटला की दुर्वास. नाथांच्या फडताळात दुर्वास मावत नाही, आणि दुर्वासाला कुणी नम्र म्हटल्याचे ऐकिवात नाही. मोशे मात्र दोन्ही फडताळांत पाय टाकून उभा आहे, आणि म्हणून तो पाहणाऱ्याला अस्वस्थ करतो.

ही अस्वस्थता आपल्याच वाट्याला आली आहे असे नाही. रोममध्ये सान पिएत्रो इन विंकोली नावाच्या चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेला मोशेचा संगमरवरी पुतळा आहे. लांब दाढी, दंडांवर तटतटलेल्या शिरा, काखेत शिळा आणि कपाळावर दोन शिंगे! (शिंगे ही लॅटिन भाषांतराची कृपा. मोशेचा चेहरा तेजाने झळकत होता, असे सांगणारे हिब्रू क्रियापद शिंग या शब्दाशी नाते सांगते. भाषांतरकाराने शिंग उचलले, आणि शिल्पकाराने ते कोरले. भाषांतरे करणाऱ्या माझ्या मित्रांनी या पुतळ्याचा फोटो टेबलासमोर लावावा.) या पुतळ्यासमोर 1913 साली सिग्मंड फ्रॉइड तीन आठवडे रोज जाऊन उभा राहत असे. मग 1914 साली त्याने त्यावर निबंध लिहिला आणि आपले नाव न घालता छापला. निबंधाचा निष्कर्ष असा, की हा मोशे आता उठून शिळा फोडणार नाही. त्याने राग गिळला आहे, शिळा निसटू लागल्या त्या त्याने सावरल्या आहेत. बायबलातल्या मोशेपेक्षा हा मोशे मोठा, असे फ्रॉइडचे म्हणणे. म्हणजे फ्रॉइडलाही राग आणि थोरवी एकत्र नांदवता आली नाही. त्याने थोरवी ठेवली आणि शिळा वाचवल्या. पण कथेत शिळा फुटल्या आहेत. त्या सांधून आपल्याला पुढे जाता येणार नाही.

आता थोडे शब्दांकडे वळू; माझी भाकरी त्यांच्यावरच आहे. मराठी बायबलात मोशेला ‘नम्र’ म्हटले आहे. आपला हा शब्द ‘नम्’ या धातूवरून आला. वाकणारा तो नम्र. फळांनी लगडलेली फांदी नम्र. हिब्रूत तिथे ‘अनाव’ हा शब्द आहे, आणि तो गरीब, पिडलेला, दडपलेला या अर्थाच्या ‘अनी’ या शब्दाचा सख्खा भाऊ. तिथले वाकणे फळांच्या भाराने झालेले नाही. पाठीवर ओझे पडून झालेले आहे. पुढे ख्रिस्तपूर्व काळात ज्यू पंडितांनी या ग्रंथांचे ग्रीक भाषांतर केले, तेव्हा त्यांनी ‘प्राउस’ हा शब्द निवडला. गंमत पाहा: अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात याच शब्दाच्या कुळातला ‘प्राओतेस’ हा गुण वर्णिला आहे, आणि तो गुण कशाच्या संदर्भात? रागाच्या! जो योग्य गोष्टीबद्दल, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच वेळ रागावतो, तो त्या गुणाचा धनी. जो कधीच रागावत नाही त्याला अॅरिस्टॉटल मूर्खात काढतो. तेव्हा ग्रीक भाषांतर वाचणाऱ्या माणसाला मोशेच्या त्या प्रशस्तीत आणि त्याच्या रागात फारसा झगडा दिसला नसावा. झगडा आपल्या ‘नम्र’ या शब्दात आहे; कारण आपली फांदी वाकते, पण कुणाच्या अंगावर पडत नाही.

पण शब्दकोश बंद केला की माणूस पुन्हा समोर उभा राहतो. मोशेचा राग योग्य होता काय, हे कुणी ठरवायचे?

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. मोशे स्वतःसाठी कधी रागावला नाही, दुसऱ्यांसाठी रागावला, असे ते उत्तर. फारोच्या मुलीच्या घरी लाडात वाढलेला हा मुलगा. त्याला गुलामांच्या पाठीवरच्या फटक्यांशी काय घेणे होते? तरी एका हिब्रू मजुराला मार पडताना पाहिला आणि त्याचे रक्त तापले. मिसरातून पळून मिद्यानात विहिरीवर बसला, तर तिथे धनगर सात मुलींना हुसकून लावत होते. पाहुणा, परका, खिशात दमडी नाही, तरी उठला आणि मुलींच्या बाजूने उभा राहिला. आणि स्वतःवर पाळी आली तेव्हा? सख्खी बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन यांनी त्याच्या कूशी बायकोवरून त्याला नावे ठेवली. देव काय एकट्या मोशेशीच बोलतो, असा टोमणा मारला. मोशे गप्प. ते नम्रतेचे वाक्य येते ते नेमके इथे, टोमणा आणि शिक्षा यांच्या मध्ये. मिर्यामच्या अंगावर पांढरे कोड उठले, तेव्हा मोशेने तिच्यासाठी देवाजवळ जी विनवणी केली ती हिब्रूत अवघ्या पाच शब्दांची आहे. तिला सात दिवस छावणीबाहेर बसावे लागले आणि तेवढे दिवस साऱ्या लोकांनी मुक्काम हलवला नाही.

त्याच्या आदल्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती मला मिर्यामच्या गोष्टीपेक्षाही आवडते. एलदाद आणि मेदाद नावाचे दोघे परवानगीवाचून छावणीत संदेश सांगू लागले. ते कळताच तरुण यहोशवा त्यांना थांबवा म्हणाला. शिष्याला गुरूच्या खुर्चीची काळजी गुरूपेक्षा जास्त असते, हे आमच्या महाविद्यालयांतही पाहायला मिळते. मोशे त्याला म्हणाला, माझ्या वतीने तुला हेवा वाटतो काय? सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरे होईल! ज्याला आपली जागा जाण्याची धास्ती नाही, त्याच्याच तोंडून असे निघते.

ही नम्रता पुढच्यांनी जपलीही. वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांत मिसरातून सुटकेची कथा वाचतात, त्या ‘हग्गादा’ नावाच्या पोथीत साऱ्या सुटकेचा नायक जो मोशे, त्याचे नाव जुन्या पाठात ओझरते एकदाच येते. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींकडे, ज्यांना अलिबाग-रेवदंड्याकडचे शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत, ही पोथी मराठी अर्थासह होती. 1846 साली मुंबईत आणि 1874 साली पुण्यात ती छापली गेली. मराठीतून मोशेची कथा ऐकणारी घरे आपल्याकडे इतकी जुनी आहेत. त्याच्या कथेवर मी इथे लिहितो आहे, ते काही परक्या अंगणात डोकावणे नव्हे.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलीकडे येऊ. तिच्या बाबांना मी ओळखत नाही; पण तसे बाबा मी पाहिले आहेत आणि वाचकांनीही पाहिले असतील. ताट भिरकावून झाले, घर चिडीचूप झाले की ते म्हणतात, “मी काय माझ्यासाठी ओरडतो? तुमच्याच भल्यासाठी घसा फोडतो ना!” आणि त्यात खोटे असते असेही नाही, त्यांना खरोखर तसे वाटत असते. घरात बाबा, गावात पुढारी. जनतेसाठी, धर्मासाठी, भाषेसाठी आपला संताप अनावर झाला असे सांगणारे पुढारी प्रत्येक काळाला लाभतात आणि त्यांचा स्वतःचा त्यात छदामाचा लाभ नसला, तर लोक त्यांना डोक्यावर घेतात. तेव्हा ‘स्वतःसाठी रागावला नाही’ हे प्रमाणपत्र पुरेसे धरले, तर जगातला निम्मा जुलूम नम्रतेच्या खाती जमा होईल.

कथा तरी हे प्रमाणपत्र पुरेसे धरते काय? सोन्याच्या वासराचा प्रसंग घ्या. मोशे चाळीस दिवस डोंगरावर; खाली लोकांनी दागिने वितळवून वासरू केले आणि त्याच्याभोवती नाचू लागले. वर देवाचे नाक पेटले. या लोकांना संपवतो आणि तुझाच मोठा वंश करतो, असे देव मोशेला म्हणाला. मोशेने ते वैभव नाकारले आणि देवाला शांत केले. मग तो खाली उतरला, वासरू पाहिले, आणि आता त्याचेच नाक पेटले. हिब्रूत दोन्ही ठिकाणी तेच शब्द आहेत. आणि पुढे अहरोन त्याला रागावू नका म्हणून विनवतो, तिथेही तेच. देवाचा राग वर निवाला, आणि मोशेचा खाली भडकला. शिळा फुटल्या. इथवर तालमूदातील रब्बी त्याच्या बाजूने आहेत. शिळा फोडल्याबद्दल देवाने त्याला शाबासकी दिली, असे ते म्हणतात. पण पुढे काय झाले? मोशेने लेवी वंशाच्या लोकांना तलवारी बांधायला लावल्या, भाऊ-मित्र-शेजारी पाहू नका म्हणून सांगितले, आणि त्या दिवशी सुमारे 3000 माणसे पडली. ही आज्ञा देताना मोशे म्हणाला, इस्राएलाचा देव असे सांगतो. आणि देवाने असे सांगितल्याचे त्या कथेत कुठेही आलेले नाही. टीकाकारांनी मागच्या एका कायद्यात ती आज्ञा शोधून काढली. पण रब्बींच्याच एका जुन्या ग्रंथाने, ही आज्ञा देवाची नव्हती, मोशेची होती, असे स्पष्ट म्हटले आहे. पुढच्या दिवशी हाच मोशे पुन्हा डोंगर चढून गेला, आणि या लोकांना क्षमा करायची नसेल तर तुझ्या पुस्तकातून माझेही नाव खोडून टाक, असे देवाला म्हणाला. दोन दिवसांतली ही दोन माणसे एकच आहेत.

म्हणून मला वाटते, मोशेची नम्रता तो कुणासाठी रागावला यात शोधू नये. राग आल्यानंतर त्याने काय केले यात शोधावी. आणि त्यासाठी मी एका फारशा न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवीन. ती ‘लेवीय’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि बायबल वाचणारे पुष्कळसे लोक लेवीय आले की पाने उलटतात, कारण त्यात यज्ञांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियमच नियम आहेत.

अहरोनाच्या अभिषेकाचे दिवस. त्याचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, यांनी देवापुढे भलताच अग्नी आणला आणि ते जागच्या जागी जळून मेले. अहरोन एक शब्द बोलला नाही. याजकांनी अशा वेळी केस मोकळे सोडून, वस्त्रे फाडून शोक करायचा नाही, असेही त्याला सांगण्यात आले. त्याच दिवशी मोशेला कळले, की पापार्पणाच्या बकऱ्याचे मांस याजकांनी पवित्र जागी खायचे असते, ते न खाता जाळून टाकले आहे. मोशे संतापला. कुणावर? एलाजार आणि इथामार यांच्यावर, म्हणजे अहरोनाच्या उरलेल्या दोन मुलांवर. नियम स्पष्ट होता आणि तो मोडला होता. मोशेचा त्यात काडीचा स्वार्थ नव्हता. नेहमीच्या उत्तराप्रमाणे हा अगदी निर्मळ राग! पण ज्या घरात सकाळी दोन पोरे गेली, त्या घरात दुपारी शिल्लक दोघांना मांसाचा हिशेब विचारणारा हा राग ऐकून वाचकाच्या पोटात कालवते.

मग अहरोन बोलला. सकाळपासून पहिल्यांदा. आज माझ्यावर हे असे ओढवले आहे. अशा दिवशी मी ते मांस खाल्ले असते तर देवाला ते बरे वाटले असते काय? एवढेच. आणि मोशेने ते ऐकले, आणि त्याला ते पटले. अध्याय तिथेच संपतो.

मला ही ओळ वासरू, समुद्र, वीज-गडगडाट या सगळ्यांहून मोठी वाटते. नियम ज्याने आणला, त्याला नियमाचा अर्थ दुसऱ्याने सांगितला, तोही रागाच्या ऐन भरात, आणि त्याने कान दिला. तालमूदकार म्हणतात, मोशेला कबूल करायची लाज वाटली नाही. मला ठाऊकच नव्हते असा बहाणा न करता, ऐकले होते पण विसरलो, असे तो म्हणाला. आणि दुसरीकडे तेच तालमूदकार हेही बजावतात, की शहाणा माणूस रागावला की त्याचे शहाणपण त्याला सोडून जाते, आणि दाखला देतात तो मोशेचाच. गुरूला सूट नाही.

तेव्हा नम्रता त्याच्या कानात होती, जिभेत नव्हती. सासरा इथ्रो भेटीला आला, जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करतो हे पाहून म्हणाला, हे बरे नव्हे, दमशील, कामे वाटून दे. मोशेने ऐकले. (सासऱ्याचा सल्ला जावयाने जसाच्या तसा मानल्याची उदाहरणे कोणत्याही धर्मग्रंथात विरळाच!) सलाफहादाच्या पाच मुली साऱ्या सभेपुढे उभ्या राहिल्या आणि भाऊ नसला तर बापाच्या जमिनीत आम्हांला वाटा का नाही, असे विचारू लागल्या. मोशेने त्यांना दटावले नाही, आणि आपल्या अकलेने उत्तरही दिले नाही. प्रश्न देवापुढे नेला, आणि मुलींचे बरोबर ठरले. कोरहाच्या बंडात दाथान आणि अबीराम यांना त्याने आधी बोलावणे धाडले होते. त्यांनी यायचे नाकारले, तेव्हा त्याचे नाक पेटले. मी यांचे एक गाढवही घेतलेले नाही, असे तो देवाला म्हणाला, आणि त्या वाक्यात दुखावलेला ‘मी’ आहे. तो लपवण्यात अर्थ नाही. पण बोलावणे आधी गेले होते.

हा कान एकदा बंद झाला, आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागली. ठिकाण कादेश. मिर्याम तिथेच वारली आणि पुरली गेली. आणि लगेच, सुतकाचे पाणीही न वाळलेले असताना, लोक पाण्यासाठी ओरडू लागले. मिसरातच मेलो असतो तर बरे, हे जुने पालुपद. देव म्हणाला, काठी घे, लोक जमव आणि खडकाशी बोल, तो पाणी देईल. मोशेने लोक जमवले, त्यांना बंडखोर म्हणून झापले, या खडकातून आम्ही तुमच्यासाठी पाणी काढायचे काय असे विचारले, आणि खडकावर काठी दोनदा हाणली. पाणी भरपूर आले. आणि देव म्हणाला, तू या लोकांना त्या देशात नेणार नाहीस.

एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा का, यावर शतकानुशतके वाद चालू आहे. राशीच्या मते बोलायचे सोडून मारले, हा दोष. नाख्मानिदेसने जुन्या एका भाष्यकाराचे मत उचलून धरले, की ‘आम्ही काढायचे काय’ यातला ‘आम्ही’ नडला. पाणी देणारा देव, आणि श्रेय ओढले जाते माणसाकडे. पण मला पटतो तो मैमोनिदेस. हा 1138 साली कोर्दोव्यात जन्मलेला, पुढे मिसरात वैद्यकी करून राहिलेला तत्त्वज्ञ. तो सामान्यतः मध्यममार्गाचा पुरस्कर्ता. पण अहंकार आणि राग या दोन बाबतींत मध्यावर थांबू नका, टोकाला जाऊन दूर राहा, असे सांगतो. घरच्यांना किंवा समाजाला धाक घालायचाच असेल तर राग वरवर दाखवावा, मन आत शांत असावे, ही त्याची रीत. कादेशच्या खडकापाशी मोशेचा दोष रागाचा, असे तो म्हणतो, आणि कारण सांगतो ते फार खोल आहे. लोक मोशेच्या प्रत्येक हालचालीवरून देवाचे मन ओळखत असत. मोशे रागावला, तेव्हा त्यांनी धरून चालले की देव रागावला आहे. आणि त्या प्रसंगी देवाच्या बोलण्यात रागाचा शब्दही नव्हता. तहानलेल्यांना पाणी दे, एवढेच तो म्हणाला होता.

पुढाऱ्याचा राग स्वतःचा असतो तोवर त्याला उत्तर देता येते. अहरोनाने दिले. तो राग देवाचा म्हणून खाली आला, की समोरच्याने तोंड उघडायचे कसे? वासराच्या दिवशी लेव्यांनी उघडले नाही. कादेशला कुणी उघडले नाही. त्यांना तर पाणी मिळाले होते. आणि त्याहून वाईट प्रसंग पुढेच आहे. मिद्यानावरच्या स्वारीहून सैन्य परतले, त्यांनी बायका-मुले जिवंत आणली म्हणून मोशे सेनापतींवर संतापला, आणि मुलगे व पुरुषसंग झालेल्या बायका ठार मारायला सांगितले. सूड घे, एवढे देवाचे शब्द त्या अध्यायात आहेत. ही यादी मात्र मोशेच्या तोंडची आहे. आणि मिद्यान म्हणजे कोण? ज्या विहिरीवर त्याने सात मुलींची बाजू घेतली, ती विहीर मिद्यानातली. त्याची बायको तिथली, ज्याचा सल्ला त्याने मानला तो सासरा तिथला. हा अध्याय मी कितीही वेळा वाचला तरी त्याला नम्रतेच्या कोणत्याही अर्थात बसवू शकत नाही, आणि बसवू पाहणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तिथे अहरोन नव्हता. तो त्याआधीच होर पर्वतावर वारला होता, आणि मिर्यामही गेली होती. मोशेला तोंडावर चार शब्द सुनावू शकतील अशी जी दोन माणसे होती, ती दोन्ही संपली होती.

‘अनुवाद’ या शेवटच्या पुस्तकात मोशे यार्देन नदीच्या अलीकडे उभा राहून लोकांना निरोपाची भाषणे करतो. वय एकशे वीसच्या घरात. त्या भाषणांत तो पुन्हा पुन्हा एक गोष्ट काढतो: तुमच्यामुळे देव माझ्यावर रागावला, तुमच्यामुळे मला तो देश मिळणार नाही. खडकाचा सल गेलेला नाही. आणि दोष लोकांच्या पदरी टाकतो आहे. पण त्यातच तो आणखी एक गोष्ट सांगतो, जी त्याने सांगितली नसती तर कुणाला कळलीही नसती. मी देवाची पुष्कळ विनवणी केली, मला एकदा पलीकडे जाऊन तो चांगला देश पाहू दे म्हणालो. तेव्हा देवाने माझे ऐकले नाही. पुरे, म्हणाला, हा विषय पुन्हा माझ्याजवळ काढू नकोस. डोंगरावर चढ, चारी दिशांना पाहून घे, आणि यहोशवाला हुकूम दे, कारण लोकांना पलीकडे तो नेणार आहे.